बीज सुटते ती घटिका

गणपतीच्या आधीचा आठवडा आला की आमच्या दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न घेऊन येणाऱ्या स्त्रियांची संख्या वाढू लागते. दाना ओलीत, जनकगंजात, चिटणिसांच्या गोठीत घरोघरी महालक्ष्म्यांची तयारी चाललेली असते. मुखवटे उजळून झालेले असतात, पुरणाची डाळ निवडून ठेवलेली असते. अशा वेळी कोणी सूनबाई, बहुधा सासूबाईंच्या सोबतीने, खुर्चीच्या कडेवर बसून हलक्या आवाजात म्हणते, “डॉक्टर काकू, तारीख नेमकी पूजनाच्या दिवशी येते आहे. गोळ्या लिहून द्या ना.” कित्येकींनी गोळ्या औषधाच्या दुकानातून आधीच आणलेल्या असतात. विचारायचे असते ते एवढेच, की दिवसातून किती घ्यायच्या.

काही वर्षांपूर्वी अशीच एक सासू-सुनेची जोडी आली होती. ओळख पटू नये एवढा तपशील बदलून तो प्रसंग येथे सांगते. सुनेची पाळी कधी चाळीस दिवसांनी येई, तर कधी दोन महिन्यांनी. मी विचारले, “मग ती पूजनाच्या दिवशीच येणार, हे कशावरून ठरवले?” सून गप्प राहिली. उत्तर सासूबाईंनी दिले, “मागच्या वेळेपासून अठ्ठावीस दिवस मोजले, डॉक्टरीणबाई. सगळ्यांचे तसेच असते ना?” आणि क्षणभर थांबून त्या पुढे म्हणाल्या, “आलोच आहोत तर दुसरेही विचारते. लग्नाला पाच वर्षे झाली. हिचे अजून काही दिसत नाही.”

सासूबाईंच्या मनात हे दोन प्रश्न वेगळे होते. वैद्यकाच्या दृष्टीने ते एकच आहेत. स्त्रीबीज सुटते का, आणि सुटत असेल तर केव्हा? पाळीचा दिवस डोळ्यांना दिसतो, म्हणून आपण सारे गणित त्याच्यावर बांधतो. परंतु मासिक चक्राची खरी बिजागरी पाळी नसून बीज सुटण्याची ती न दिसणारी घटिका आहे. ती समजली नाही म्हणून औषधे चुकतात, उपचार लांबतात आणि घराघरांत नको त्या व्यक्तीवर दोष येतो. या लेखाचा हेतू त्या एका घटिकेची ओळख करून देणे, एवढाच आहे.

मागून मोजायचा हिशेब

आश्चर्य वाटेल, पण ही घटिका मानवाला निश्चितपणे कळून पुरती शंभर-सव्वाशे वर्षेही झालेली नाहीत. आपल्या प्राचीन वैद्यांनी गर्भधारणेला योग्य असा ‘ऋतुकाल’ मानला होता. सुश्रुतसंहितेने तो बारा रात्रींचा सांगितला, तर मनुस्मृतीने सोळा रात्रींचा. मात्र ती मोजणी पाळी सुरू झाल्यापासून पुढे होती. एकोणिसाव्या शतकातील युरोपीय वैद्यांची तर याहून मोठी चूक झाली. कुत्रीला माजाच्या काळात रक्तस्राव होतो, हे पाहून त्यांनी मानवी पाळीलाही तसेच मानले, आणि महिन्याचा मधला काळ गर्भधारणेच्या दृष्टीने निर्धोक असल्याचे सांगून टाकले. तो सल्ला मानणाऱ्या किती जोडप्यांची फसगत झाली असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

१९२१ मध्ये रघुनाथ धोंडो कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, तेव्हाही ही घटिका शास्त्राने सिद्ध केलेली नव्हती. पुढे १९२४ मध्ये जपानचे शल्यविशारद क्यूसाकू ओगिनो यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी प्रत्यक्ष पाहिलेले बीजकोश आणि त्या स्त्रियांच्या पाळीच्या तारखा यांचा मेळ घातला. १९२९ मध्ये ऑस्ट्रियाचे हेर्मान क्नाउस स्वतंत्रपणे जवळजवळ त्याच निष्कर्षाला पोहोचले. तो निष्कर्ष असा होता, की बीज मागील पाळीपासून ठरावीक दिवसांनी सुटत नाही. ते पुढील पाळीच्या सुमारे चौदा दिवस आधी सुटते. ओगिनो यांनी बारा ते सोळा दिवसांचे अंतर सांगितले होते.

या एका वाक्यात सारे रहस्य आहे. बीज सुटल्यानंतरचा उत्तरार्ध बहुतेक स्त्रियांत थोड्याफार फरकाने सारखाच असतो. लांबतो किंवा आखडतो तो पूर्वार्ध. अठ्ठावीस दिवसांच्या चक्रात बीज साधारण चौदाव्या दिवशी सुटेल. चाळीस दिवसांच्या चक्रात ते सव्विसाव्या दिवसाच्या आसपास सुटेल. म्हणून दोघींना एकच ‘चौदावा दिवस’ सांगणे म्हणजे दोन भिन्न गावांच्या गाड्यांना एकच वेळापत्रक लावणे होय.

मेंदू आणि बीजकोश यांचा संवाद

हे वेळापत्रक ठरवते कोण? आपली समजूत अशी, की हा सारा कारभार ओटीपोटात चालतो. प्रत्यक्षात त्याची सुरुवात मेंदूच्या तळाशी होते. तेथील हायपोथॅलॅमस या लहानशा भागातून जीएनआरएच नावाचे संप्रेरक रक्तात येते. अवघ्या दहा अमिनो आम्लांची ही साखळी आहे. अँड्र्यू शाली आणि रॉजर गिलेमिन यांनी तिची रचना उलगडली, आणि मेंदूतील अशा संप्रेरकांवरील कार्यासाठी १९७७ मध्ये ते नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरले. हे संप्रेरक सतत वाहत नाही. ते ठोक्याठोक्याने येते. चक्राच्या पूर्वार्धात साधारण तास-दीड तासाने एक ठोका पडतो, उत्तरार्धात ही लय मंदावते. हेच संप्रेरक बाहेरून अखंड धारेने दिले तर प्रजननाचे कार्य वाढण्याऐवजी बंद पडते. निरोप काय आहे यापेक्षा तो कोणत्या लयीत आला, याला येथे अधिक महत्त्व आहे.

हा निरोप ऐकते ती पीयूषिका, म्हणजे पिट्युटरी ग्रंथी. आकाराने हरभऱ्याच्या दाण्याएवढी आणि वजनाने सुमारे अर्धा ग्रॅम. ती रक्तात दोन दूत सोडते, एफएसएच आणि एलएच. पैकी एफएसएच बीजकोशातील पुटकांना, म्हणजे बीज धारण करणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांना, वाढीस लावते. दर चक्रात अनेक पुटके शर्यतीला उभी राहतात, त्यातले बहुधा एकच पुढे निघते आणि बाकीची विरून जातात. निसर्गाचा हा खर्च थक्क करणारा आहे. मुलगी जन्मते तेव्हा तिच्या बीजकोशांत दहा ते वीस लाख बीजे असतात. वयात येईपर्यंत त्यांतील तीन ते चार लाख उरतात. आणि उभ्या आयुष्यात प्रत्यक्ष सुटतात ती सुमारे चारशे ते पाचशे. ही पुंजी नव्याने भरता येत नाही. तिशीच्या उत्तरार्धात बीजांची संख्या आणि गुणवत्ता दोन्ही वेगाने घटू लागतात, ही गोष्ट ‘अजून घाई काय आहे’ म्हणणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनी अवश्य लक्षात ठेवावी.

पुढे निघालेले पुटक वाढताना इस्ट्रोजेन निर्माण करते. त्या प्रभावाने गर्भाशयाचे अस्तर जाड होऊ लागते. आरंभी हे इस्ट्रोजेन पीयूषिकेला सांगते, “पुरे, आता एफएसएच कमी कर.” पण पुटक पक्व झाले, आणि इस्ट्रोजेनची उंच पातळी सुमारे दोन दिवस टिकून राहिली, की तोच निरोप उलटा अर्थ धारण करतो. एरवी आवर घालणारे संप्रेरक आता चेतना देते, आणि पीयूषिकेतून एलएचचा एकदम मोठा लोंढा येतो. तो सुरू झाल्यापासून सुमारे चौतीस ते छत्तीस तासांनी, वीस-बावीस मिलिमीटरपर्यंत वाढलेले पुटक फुटते आणि बीज बाहेर पडते. हीच ती घटिका!

सुटलेल्या बीजाचे आयुष्य बारा ते चोवीस तासांचे असते. शुक्राणू मात्र अनुकूल स्रावात पाच दिवसांपर्यंत तग धरू शकतात. त्यामुळे गर्भधारणेला अनुकूल असे दिवस महिन्यातून सहाच, बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच.

बीज निघून गेल्यावर रिकाम्या पुटकाचे पीतपिंडात रूपांतर होते, आणि ते प्रोजेस्टेरॉन निर्माण करू लागते. हे संप्रेरक अस्तराला गर्भासाठी सिद्ध करते, आणि शरीराचे तापमानही ०.३ ते ०.५ अंश सेल्सियसने वाढवते. पीतपिंडाचे आयुष्य सुमारे दोन आठवड्यांचे असते. गर्भ रुजला, तर त्याच्याकडून येणारे एचसीजी हे संप्रेरक पीतपिंडाला जिवंत ठेवते. मूत्रतपासणीच्या पट्टीवर उमटणारी दुसरी रेघ याच एचसीजीची. गर्भ रुजला नाही, तर पीतपिंड सुकते, प्रोजेस्टेरॉन घसरते, अस्तराचा आधार सुटतो आणि पाळी येते. पाळी ही चक्राची सुरुवात म्हणून आपण वहीत लिहितो. खरे पाहता ती आधीच घडून गेलेल्या कथेचा शेवट असते.

परळमधील यश आणि कोलकात्याची व्यथा

या ज्ञानाचे सर्वात मोठे भारतीय फळ परळच्या एका रस्त्यावर पिकले. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून एका मुलीचा जन्म झाला. बीजाचे फलन शरीराबाहेर करून झालेला, शास्त्रीय नोंदींसह सिद्ध असा तो देशातील पहिला जन्म होता. या यशात परळमध्येच असलेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या प्रजनन संशोधन संस्थेचा आणि तिचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार यांचा निम्मा वाटा होता. एका बाजूला महानगरपालिकेचे रुग्णालय आणि दुसऱ्या बाजूला सरकारी प्रयोगशाळा, असे ते सहकार्य होते. अशा उपचाराचा कळीचा मुद्दा कोणता? बीज पक्व तर झाले पाहिजे, पण आपोआप सुटून जाण्याच्या आत ते हाती आले पाहिजे. एलएचच्या लोंढ्यानंतरचे ते छत्तीस तास ज्याने ओळखले, त्याच्याच हाती बीज लागते. इंग्लंडमध्ये स्टेप्टो आणि एडवर्ड्स यांना १९७८ मध्ये पहिले यश आले, तेही स्त्रीच्या नैसर्गिक चक्रातील एलएचचा माग मूत्रतपासणीने काही काही तासांनी घेत गेल्यावरच. परळमध्ये जन्मलेली ती मुलगी २०१६ मध्ये स्वतः आई झाली.

या कथेला आणखी एक बाजू आहे, आणि डॉक्टर मंडळींनी ती विसरू नये. ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, म्हणजे परळच्या आठ वर्षे आधी, कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांनी अशीच एक मुलगी जन्मली होती. त्यांनी संप्रेरकांची इंजेक्शने देऊन बीजे वाढवली, फलित गर्भ गोठवून ठेवला आणि नंतरच्या चक्रात तो गर्भाशयात सोडला. आज जगभर रूढ झालेली ही रीत त्या काळाच्या फार पुढची होती. शासकीय समितीने त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही, त्यांची बदली भलत्याच विभागात झाली, आणि १९८१ मध्ये त्यांनी आपले जीवन संपवले. पुढे त्यांची टिपणे डॉ. आनंदकुमार यांच्या हाती आली. ती अभ्यासून १९९७ मध्ये त्यांनी जाहीरपणे लिहिले, की भारतातील पहिल्या परीक्षानलिका बालकाचे शिल्पकार डॉ. मुखोपाध्याय होत. ‘पहिले’पणाचा मान ज्याच्याकडे होता, त्यानेच तो उतरवून योग्य ठिकाणी ठेवला. वैद्यकातील सचोटीचे याहून सुंदर उदाहरण मला ठाऊक नाही.

त्या सूनबाईंचे काय?

आता पुन्हा आपल्या दवाखान्यात येऊ. त्या सुनेच्या तपासण्या झाल्या. तिला पीसीओएस हा विकार होता. स्टाइन आणि लेव्हेन्थल यांनी १९३५ मध्ये त्याचे वर्णन केले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ मधील अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील आठ ते तेरा टक्के स्त्रियांत तो आढळत होता. सोनोग्राफीच्या अहवालात ‘सिस्ट’ हा शब्द वाचून घरचे घाबरतात. त्या गाठी नव्हेत. अर्ध्या वाटेत वाढ थांबलेली ती पुटके असतात. मेंदूच्या ठोक्यांची लय जलद राहते, एलएच प्रमाणाबाहेर वाढते, इन्शुलिनचा प्रभाव नीट पडत नाही आणि बीजकोशात पुरुषी संप्रेरके अधिक तयार होतात. परिणामी कोणतेच पुटक पक्वतेला पोहोचत नाही. बीजच सुटले नाही, तर पीतपिंड कोठून येणार आणि पाळी वेळेवर कशी येणार?

‘लग्न झाले की पाळी नीट होईल’, ‘मूल झाले की सगळे ठीक होईल’ ही आपल्याकडची ठेवणीतली वाक्ये आहेत. ती कारण आणि परिणाम यांची अदलाबदल करतात. पाळी तीन-तीन महिने येत नसेल, तर प्रोजेस्टेरॉनविना अस्तर वाढतच राहते, आणि दीर्घकाळाने त्यात धोकादायक बदल होऊ शकतात. पुढील आयुष्यात मधुमेहाचा संभवही वाढतो. म्हणून हा प्रश्न केवळ अपत्याचा नाही, अविवाहित मुलीचाही आहे. वजन अधिक असल्यास ते पाच ते दहा टक्क्यांनी कमी केल्यानेसुद्धा अनेकींचे बीज सुटू लागते. औषधाची गरज पडल्यास बीज सोडवण्यासाठी लेट्रोझोलला २०१८ पासूनच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत पहिली पसंती आहे. अर्थात ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच घ्यावयाचे.

त्याच वेळी मी सासूबाईंना म्हटले, “आता चिरंजीवांनाही पाठवा.” त्यांना ते रुचले नाही. परंतु वंध्यत्वाच्या सुमारे निम्म्या जोडप्यांत पुरुषाकडील कारण एकटे किंवा जोडीने असते, आणि वीर्यतपासणी ही साऱ्या तपासण्यांत सोपी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. पुरुषाच्या शरीरातही हेच दोन दूत काम करतात. एलएचमुळे टेस्टोस्टेरॉन तयार होते, तर एफएसएचमुळे शुक्राणूंच्या निर्मितीला बळ मिळते. एक शुक्राणू घडण्यास सुमारे चौऱ्याहत्तर दिवस लागतात. व्यायामशाळेत कोणाच्या तरी सल्ल्याने टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेणाऱ्या तरुणांनी हे जाणावे, की बाहेरचे संप्रेरक आले की पीयूषिका आपले काम थांबवते आणि शुक्राणूंची संख्या शून्यावरही येऊ शकते. आमच्या त्या चिरंजीवांनीही दंड भरदार व्हावेत म्हणून असे काही घेतले होते. दोष पाच वर्षे एकटीच्या पदरात पडला होता. अहवालाने तो दोघांत वाटला. ज्याला आपण दोष म्हणत होतो तो विकार होता, आणि विकारावर उपचार असतात.

गोळ्यांविषयी दोन शब्द

महालक्ष्म्यांच्या वेळी मागितली जाणारी गोळी बहुधा नॉरएथिस्टेरॉनची असते. ती प्रोजेस्टेरॉनसारखे काम करते, म्हणजे सुकणाऱ्या पीतपिंडाच्या जागी जणू बदली कामगार म्हणून उभी राहते. पाळीच्या अपेक्षित दिवसाच्या साधारण तीन दिवस आधी ती सुरू करतात, आणि थांबवल्यावर दोन-तीन दिवसांनी पाळी येते. पण जिचे बीज केव्हा सुटले हेच माहीत नाही, तिचा ‘तीन दिवस आधी’ कोणता? कदाचित ती गर्भवतीही असेल. शिवाय ही गोळी अशा रीतीने घेतल्यास गर्भनिरोधक ठरत नाही.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. या गोळीचा काही अंश शरीरात एका प्रकारच्या इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि त्यामुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका वाढू शकतो. अशा गोळ्या घेतलेल्या स्त्रियांत मेंदूतील शिरांमध्ये गुठळी झाल्याची उदाहरणे भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी नोंदवली आहेत. त्यात कडक उपास, कमी पाणी आणि दिवसभराचे उभे राहणे यांची भर पडते. पूर्वी गुठळी झालेली असेल, डोळ्यांपुढे चमका येऊन अर्धशिशी उठत असेल किंवा यकृताचा विकार असेल, तर ही गोळी घेऊच नये. घेत असताना असह्य डोकेदुखी, एका पायाची सूज, छातीत दुखणे किंवा धाप, यांपैकी काहीही जाणवल्यास गोळी थांबवून तत्काळ रुग्णालय गाठावे. सण चालू आहे म्हणून थांबू नये. आपल्या शहरात कमलाराजा आणि जयारोग्य ही रुग्णालये आहेत. तेथे पोहोचायला दाना ओलीतून वेळ तो किती लागतो?

पाळीच्या दिवसांत पूजा करावी की नाही, हा ज्याच्या त्याच्या घराच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. डॉक्टर म्हणून मी त्यात बोलत नाही. परंतु गोळी द्यावयाची की नाही, हा वैद्यकाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दुकानाच्या फळीवर किंवा शेजारणीच्या अनुभवात मिळणार नाही.

त्या सूनबाईंना मी गोळी लिहून दिली नाही. कारण समजावून सांगितले. सासूबाई बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग उठता उठता म्हणाल्या, “बरे. तसे काही झालेच, तर यंदा पुरणाचा स्वयंपाक मी आणि धाकट्या जाऊबाई करू. हिला गोळी नको.” दारापर्यंत जाऊन त्या मागे वळल्या आणि विचारले, “चिरंजीवांना उपाशीपोटी पाठवायचे का हो?”

पुढे त्या घरात पाळणा हलला की नाही, हे मी येथे लिहीत नाही. ती त्या कुटुंबाची खासगी गोष्ट आहे. दर भाद्रपदात मला आठवतो तो त्यांचा तो शेवटचा प्रश्न. पाच वर्षे एकाच दिशेने रोखलेले बोट त्या दिवशी त्यांनी आपण होऊन खाली घेतले होते. आपल्या घरी अशी वेळ आली, तर वाचकहो, आपणही दोष कोणाचा हे विचारू नये. बीज सुटते का आणि केव्हा, एवढेच विचारावे, आणि त्याचे उत्तर शोधायला दोघांनी मिळून यावे.